दाण्याची दुसरी प्रत

सोमवार, ३ जून, बुद्धाब्द २५६७

स्टोरेज भरलं. पुन्हा! आल्या आल्या स्क्रीनवर लाल पट्टी. हॉस्पिटलात माणसं जितकी येत नाहीत त्याच्या दसपट त्यांचे फोटो येतात — एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी. काढणारे काढतात आणि विसरतात. सांभाळायचे आम्ही.

विरोट साहेब बैठकीत म्हणाले, "नवीन मशीन येतंय, पण ते काही अक्षयपात्र नाही. पाच वर्षांवरचं सगळं काढून टाका. कायद्यात बसतं, मी विचारून घेतलंय." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सफाईचा प्रोग्राम मी लिहायचा, कारण डेटाबेस माझे. चौदा वर्षं माझेच आहेत.

पाच वर्षांवरचं. म्हणजे दाणाही.

घरी आले तर बूनने जेवण मांडून ठेवलेलं. तळलेली कोंबडी, वर कुरकुरीत कांदा, चिकट भात. काहीतरी सांगायचं असलं की तो बाजारातून कोंबडी आणतो. सांगितलं — समुई बेटावरच्या एका मोठ्या हॉटेलात एसी दुरुस्तीचं काम मिळतंय. महिनाअखेरीस जाणार. "महिन्यातून एकदा येत जाईन," म्हणाला. मी "बरं" म्हटलं. मग तो टेबलावर दोन बोटं वाजवत बसला. टकटक टकटक, घाईघाईने, जसा नेहमी वाजवतो. "बंद कर ते," म्हटलं. त्याने बंद केलं.

एवढंच बोलणं झालं. लग्नाला बारा वर्षं झाली आमच्या.

मंगळवार, ४ जून

लिहून टाकते. ही वही कोण वाचतंय?

मे २५६२. सहावा महिना चालू होता. आमच्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर. अगदी पहिल्या तपासणीत बून पडद्याकडे बघून म्हणाला होता, "हा तर शेंगेतला दाणा." तेच नाव चिकटलं. त्या मे महिन्यात मात्र दाणा चांगला मोठा दिसला. हात हलवत होता. डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला, आणि खोलीभर त्याचं हृदय! धावत्या घोड्यासारखं. मी दिवसभर सर्व्हरच्या पंख्यांची घरघर ऐकणारी बाई. मला हसूच फुटलं. बून हसला नाही, तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

पुढच्या महिन्यात तोच पडदा, तीच खोली, आणि आवाज नाही.

नंतरचं सगळं बूनच्या आईने परस्पर उरकलं. मी गुंगीत होते. देवळाच्या भिंतीत लोकांच्या अस्थी असतात, नववर्षाला जाऊन पाणी घालता येतं. आम्हाला तसं काही नाही.

बूनला त्या मे महिन्याच्या तपासणीची सीडी हवी होती. मी म्हटलं, घरी कशाला? पुराच्या वर्षी लग्नाचे सगळे फोटो चिखलात गेले, आठवतंय ना? तू तर किल्ल्या महिन्याला हरवतोस. माझ्याकडे राहू दे. आमच्या धंद्यात म्हणतात, एकच प्रत म्हणजे प्रतच नाही. दोन हव्यात, आणि दुसरी दुसऱ्या गावी. इथे मुख्य मशीनवर आहे, समोरच्या इमारतीतल्या जोडमशीनवर आहे, बॅकअपच्या डिस्कवर आहे, आणि टेपवर, ती टेप सोंगख्लाच्या तिजोरीत. राजवाड्यातही एवढा बंदोबस्त नसेल.

मी ती कधी उघडली नाही. आपली किंवा नात्यातली नोंद कुणी उघडायची नाही, हा नियम मीच लिहिलेला. खाली नोंदींच्या खिडकीवर जाऊन पेशंट म्हणून मागता आली असती. मागितली नाही. आहे, एवढं पुरत होतं. लोक देवळात जातात, मी कामाला येते.

गुरुवार, ६ जून

नवीन मशीन आलं. काळं, उंच, फ्रीजएवढं. बसवणाऱ्या कंपनीचे दोघे दिवसभर खाली वाकून. गच्चीवरच्या स्थानदेवतेपुढे मी लाल सरबताची बाटली ठेवली, स्ट्रॉ घालून. मोठ्या कामाआधी ठेवावीच लागते. मागच्या वेळी विसरले तर वीज गेली होती.

सारीपा बघत उभी. सुरक्षा आणि पासवर्ड तिच्याकडे. पट्टानीची मुलगी, डोक्यावर नीट पिन केलेला हिजाब. मला "पी" म्हणते, म्हणजे थोरली बहीण, पण बोलते सासूसारखी. म्हणाली, "पी, तुमच्या देवाला डायबेटिस होईल. रोज साखरेचं पाणी!"

"तू नमाज पढतेस तेव्हा मी काही बोलते का?"

"मी देवाकडे सर्व्हर चालू दे असं मागत नाही. अक्कल दे म्हणून मागते. तुझ्यासाठीसुद्धा."

हसले. बरेच दिवसांनी.

शनिवार, ८ जून

जुनं सगळं नव्या मशीनवर आणलं. सफाईचा प्रोग्राम लावला. जुन्या मशीनवर चालवून बघितला होता, बरोबर चालला होता. बॅकअपच्या डिस्कवरही तोच लावला, म्हणजे तिथलीही जागा वाचेल. आपण हुशार!

शेवटची तपासणी. पंखे, तापमान, जोडमशीन, घड्याळ. घड्याळात ८ जून २५६७. सगळं ठीक. सही केली.

उद्या सकाळी सफाई चालेल. मेच्या आधीचं, मेचं, सगळं जाईल. टेप सात वर्षं ठेवतो, टेपवर राहीलच. असं मनाला सांगितलं. मन काही ऐकेना.

रविवार, ९ जून

सकाळी बून म्हणाला, चल, डिम्सम खाऊ. वाफाळत्या पुरचुंड्यांच्या तीन टोपल्या घेतल्या. तो काडीने टोपलीच्या कडेवर टकटक करत होता आणि मी दात आवळून बसले होते, एवढ्यात फोन. सीटीवाल्यांचा. जुने फोटो दिसत नाहीत.

म्हटलं, दिसायचे नाहीतच, काढलेत.

"कालचेही दिसत नाहीत, पी."

चहा तसाच टाकून पळाले.

सगळं गेलं. एकूण एक फोटो. कालचे, परवाचे, आज पहाटेचे.

का, ते कळायला वेळ लागला नाही. जग साल लिहितं २०२४, आम्ही लिहितो २५६७. फोटो काढणारी यंत्रं जगाचं साल घालतात. बसवणाऱ्याने नव्या मशीनवर देश थायलंड निवडला, तेव्हा मशीनने मुकाट्याने आमचं साल घेतलं. माझ्या प्रोग्रामने वजाबाकी केली. कालचा एक्स-रे पाचशे त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा! अयुथ्याच्या राजाच्या काळातला. पाच वर्षांहून जुना? हो. पुसा.

जोडमशीन तर पतिव्रता. इकडे पुसलं की तिकडे त्याच क्षणी पुसतं. मुख्य मशीन बंद पडलं तर उपयोगी, मूर्खपणा केला तर काही उपयोगाचं नाही. बॅकअपच्या डिस्कवर माझी हुशारी होतीच.

आणि ती तारीख मी बघितली होती. डोळ्यांनी. परदेशातला कुणी असता तर २५६७ बघून किंचाळला असता. मला ते घरचं वाटलं. माझ्या पगारपत्रकावर तेच, दुधाच्या पिशवीवर तेच, या वहीवर तेच. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे कुणी निरखून बघतं का?

आता सोंगख्लाच्या तिजोरीतल्या टेपा तेवढ्या उरल्या.

सोमवार, १० जून

डॉक्टरांचे फोन उचलून उचलून कान लाल. शेजारच्या याला प्रांतातून एक म्हातारा आला होता, फुप्फुसातली गाठ वाढली की तशीच आहे ते बघायला. बघणार कशाशी ताडून? त्याला तसंच घरी परत पाठवलं. त्याने मला हात जोडले. मला! मीच त्याचे फोटो घालवले हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

विरोट साहेब दार लावून म्हणाले, "बसवणाऱ्यांवर टाकू. देश त्यांनी निवडला."

"सही माझी आहे, साहेब."

"सह्या सगळ्यांच्याच असतात."

"बघितलं मी होतं."

ते चष्मा पुसत राहिले. वाईट माणूस नाही. घाबरलेला आहे.

सारीपा स्वतः जाऊन टेपांची पेटी घेऊन आली. पिकअपमध्ये पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. "भिक्खूला बसवतात तशी बसवून आणली," म्हणाली. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही.

बुधवार, १२ जून

टेपा वाचल्या जातायत. चांगल्या आहेत. जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला.

साहेबांचा हुकूम — पाच वर्षांच्या आतलंच परत आणा. बाकी तसंही जाणारच होतं. वेळ वाचेल, जागा वाचेल. आणि नवीन नियम टेपांनाही लागू. काम झालं की टेपा पुसून पुन्हा वापरायला घ्या. "या निमित्ताने घर स्वच्छ झालं म्हणायचं," असंही म्हणाले.

घर स्वच्छ झालं. वा!

म्हणजे दाणा आता फक्त त्या टेपेवर, आणि तीही पुसायची. मीच पुसायची. माझ्या हाताखालून पाच वर्षं कुणी एक धूळकण हलवला नसता. आता माझ्या हातात काहीच उरलं नाही.

गुरुवार, १३ जून

टेपेवरून कुठपासूनचं आणायचं ती तारीख मी लिहायची असते. एक महिना मागे सरकवली. बस, एक महिना. कोण विचारतंय?

सारीपाने विचारलं. टेप उघडायला दोन पासवर्ड लागतात, एक माझा, एक तिचा, आणि ती पासवर्ड घालण्याआधी प्रत्येक ओळ वाचते. मीच तसं शिकवलंय तिला.

"पी, हा एक महिना जास्तीचा का?"

"सुरक्षित असावं म्हणून."

"कोण सुरक्षित असावं?"

सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. ती या नोकरीत नंतर आलेली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. अरेरे म्हणाली नाही, हात धरला नाही. तारखेची ती ओळ पुसली. मी चिडले. तर म्हणाली, "चोरून कशाला? तू त्याची आई आहेस. खाली खिडकीवर जा आणि माग. पेशंटने मागितलं तर साहेबांचा बापही नाही म्हणू शकत नाही. एका नोंदीवरून किती कानउघाडणी केली होतीस माझी, विसरलीस? माझ्या सख्ख्या भावाचा रिपोर्ट होता तो."

मी टेपेची डबी मिटली.

"बूनभाऊजींना सांगितलंस?"

"नाही."

"मग त्यांना सांग. त्यांचाही पासवर्ड लागतो याला."

शनिवार, १५ जून

बून मागच्या अंगणात हत्यारं भरत होता. मोठी पेटी. एवढी हत्यारं लागत असतील तर महिन्यातून एकदा येणारा माणूस नाही हा. पेटीच्या झाकणावर त्याची बोटं चालूच. मी म्हटलं, थांबव, आणि ऐक.

सगळं सांगितलं. टेप, तारीख, पुसायचा हुकूम.

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं तू रोज त्याच्या शेजारी बसत होतीस?"

"शेजारी म्हणजे... मशीनमध्ये होता."

"आणि मी इथे लोकांच्या छतात डोकं घालून फिरत होतो."

"तूही कधी विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. सीडी मागितली होती, जुम. तू म्हणालीस, तू किल्ल्या हरवतोस."

पूर आला तर काय, आग लागली तर काय, एवढा सगळा विचार केला मी. त्याला काय झालं असेल हा विचारच नाही केला. मला वाटायचं तो विसरला. खरंच वाटायचं, आणि त्याबद्दल त्याचा राग यायचा. रोज थोडा थोडा.

रात्री सतोच्या शेंगांची आमटी केली. दोघांनीही नुसती ढवळली. ताट उचलताना म्हणाला, "मंगळवारी सुट्टी घेतो."

मंगळवार, १८ जून

खिडकीवर रांग. आम्हीही रांगेत. ज्या हॉस्पिटलचं सगळं माझ्या मुठीत, तिथे हातात नंबर घेऊन बसले. खिडकीतली बाई मला ओळखते, तरी नियमाप्रमाणे विचारलं, "नातं?"

"आई."

हा शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला. बूनला न विचारताच तो म्हणाला, "मी बाप."

बाईने मान खाली घातली आणि टाइप करत राहिली. तिचेही डोळे भरले होते, पण रांग मोठी होती.

मला आता एकच हवंय. तो आवाज. चित्र धूसर असेल तर असू दे. एकदा तो घोडा ऐकायचाय, मग पुसा टेपा, पुसा सगळं, बूनला जायचंय तर जाऊ दे.

बुधवार, १९ जून

याला प्रांतातल्या त्या म्हाताऱ्याचे फोटो परत आले. गाठ तेवढीच आहे. वाढलेली नाही. त्याच्या सुनेने खाली सगळ्यांना केळ्याचे वडे वाटले. मी दोन खाल्ले.

शुक्रवार, २१ जून

सारीपाने स्वतः टेप लावली. साहेबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? मग आधी का नाही सांगितलं मला?" आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

खालची खोली. तीच. पडदा नवीन. तंत्रज्ञ मुलगी नवीन. बून आणि मी, दोन खुर्च्या.

दाणा आला.

करडा, धूसर. हात हलवला. तसाच, कुणाला तरी बोलावल्यासारखा. बूनने एक श्वास घेतला आणि सोडलाच नाही. एक मिनिटभराचं चित्र. हात, पाठीचा कणा, आणि मधोमध ते चिमुकलं उघडझाप करणारं. उघडझाप, उघडझाप. बिनआवाजाची.

मी म्हटलं, आवाज वाढव.

ती मुलगी घाबरली. "आवाज नसतो, पी. आम्ही आवाज साठवतच नाही. तेव्हा डॉक्टर ऐकवतात, तेवढाच. साठवतो फक्त चित्र. जागा फार जाते ना."

जागा.

चार ठिकाणी, दोन गावांत, दोन पासवर्डांच्या आड मी राखत बसले होते, ते कधी तिथे नव्हतंच. कुणी पुसलं नाही, कुणी हरवलं नाही. साल चुकलं नाही. ठेवलंच नव्हतं कुणी! आणि मी एकदाही बघितलं नाही. बॅकअप घेतला की उघडून बघा, आहे का खरंच, असं दर वर्षी नव्या मुलांना शिकवते मी. घसा कोरडा करून.

रडले. त्या खुर्चीत, त्या मुलीसमोर, मोठ्याने. पाच वर्षांचं. ती पोर पाणी आणायला पळाली.

बून खुर्चीच्या हातावर बोटं वाजवू लागला. टकटक टकटक. मी त्याचा हात घट्ट दाबून धरला. "निदान आज तरी नको रे." त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

सीडी दिली त्यांनी. पर्समध्ये आहे. दुसरी प्रत केली नाही. मुक्या चित्राच्या किती प्रती करायच्या?

मंगळवार, २५ जून

टेपा पुसल्या. मी आणि सारीपा. तिने आधी एक ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पासवर्ड घातला. नव्या मशीनचं साल पहिल्याच दिवशी जगाचं केलं होतं, तेही पुन्हा तपासलं. गच्चीवर बाटली ठेवायला गेले नाही. कुणीतरी ठेवलेली दिसली. लाल सरबत, स्ट्रॉ घालून. सारीपाला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक? मुंग्यांनी मागवली असेल."

रविवार, ३० जून

बूनला बसवर सोडायला गेले. खिडकीशी बसला आणि काचेवर पुन्हा तेच, टकटक टकटक. जाता जातासुद्धा! मी काचेवर थाप मारली. "काय वाजवतोस रे सारखं?" तो खाली उतरला. म्हणाला, "तुला माहीत नाही? मला वाटायचं तुला सहन होत नाही म्हणून थांबवतेस." मी नाही म्हणून मान हलवली. "त्या दिवशी आवाज मोठा केला होता ना, तो आहे हा. रोज वाजवतो. विसरेन या भीतीने." मी तळहात पुढे केला. त्याने दोन बोटांनी वाजवला. तोच घोडा! ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी थांबला नाही, मला जमेपर्यंत.

आता टेबलावर वाजवून बघतेय. बरोबर येतोय.

दोन प्रती झाल्या. दुसरी दुसऱ्या गावी.